कॉम्प्युटर घेण्याची घाई करू नये

४ एप्रिल
दुकानातून

चि. खुडबुडीस,

आत्याचे आशीर्वाद, आणि त्यांच्या पाठोपाठ थोडा राग. राग पुढे येईलच.

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू "हो आत्या, बरं आत्या, जेवले आत्या" एवढं म्हणतेस आणि नेमकं तेव्हाच तुला कोणीतरी हाक मारतं. कागदावर तुला माझं बोलणं मध्येच तोडता येणार नाही. रागाने फाडलंस तरी फाडण्याआधी वाचशील, तेवढी मी तुला ओळखते. वहिनी गेल्यापासून तुझ्या वेण्या मीच घातल्यात.

इकडे सगळं ठीक. दादाची तब्येत उत्तम. मी नेहमीसारखी पुढच्या टेबलावर टायपिंग, झेरॉक्स आणि लोकांचे अर्ज सांभाळते. तो मागे टेबललॅम्पखाली कोणाचं तरी मशीन उघडून बसलेला. एवढंच कळवून पत्र संपवावं असा विचार होता. पण ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू?

मला एका प्रश्नाचं उत्तर हवंय. तुम्ही तिकडे जो क्वांटम कॉम्प्युटर बनवताय, तो लोकांच्या घरात कधी येणार? मुळात येणार का? सोप्या भाषेत लिही, कारण ते मला दुसऱ्याला समजावायचं आहे.

कोणाला, ते ऐक. दादाने दुकानाच्या काचेवर पुठ्ठा लावलाय. त्याच्या त्या ठसठशीत अक्षरात, लाल शाईने: "नवा कॉम्प्युटर घेण्याची घाई करू नये. चौकशी आत." कॉम्प्युटरच्या दुकानावर! आणि चौकशीला आत गेलेला माणूस तासभर बाहेर येत नाही. परवा दातांचे डॉक्टर आले होते, दवाखान्यासाठी मशीन घ्यायचं पक्कं ठरवून. दादाने त्यांना खुर्ची दिली, पंखा त्यांच्याकडे वळवला आणि सुरू झाला. क्वांटम असं असतं, क्वांटम तसं असतं, आमची मुलगी तिथेच आहे, अजून थोडं थांबा. डॉक्टर थांबले, पण ते फक्त आमच्या दुकानात. संध्याकाळी त्यांनी चौकातल्या दुकानातून मशीन उचललं. चौकवाला हल्ली मी रस्त्यात दिसले की दोन्ही हात जोडतो.

मी दादाला म्हटलं, "अरे, गिऱ्हाईक दारात आलं आणि तू त्याला परत पाठवतोस?"

"मग काय, माहीत असून जुनं त्याच्या गळ्यात मारू?"

"जुनं कुठलं? खोक्याची चिकटपट्टीसुद्धा अजून निघालेली नाही."

"तुला नाही कळायचं," म्हणाला, आणि स्क्रू तोंडात धरून खाली बघत बसला. तोंडात स्क्रू असला की बोलावं लागत नाही, हे त्याचं जुनं शस्त्र.

पण मला कळतं. त्याच्या डोक्यात हे कोणी भरवलं तेही कळतं. तू जायच्या आदल्या दिवशी याच दुकानात, चार माणसांसमोर म्हणालीस, "बाबा, तुम्ही विकता ते उद्याचं भंगार आहे. आमचं मशीन आलं की हे सगळं तराजूवर जाणार." तो म्हणाला, "मग तिकडेच राहा." दोघांनी एकमेकांचं जन्मात कधी ऐकलं नाही, आणि हे मात्र तंतोतंत ऐकलं. हा दुसरा उन्हाळा. तू तिकडेच राहिलीस आणि तो आपल्याच मालाला भंगार समजायला लागला.

उत्तर पाठव. माझ्या नावाने, आणि घरच्या पत्त्यावर. दुकानात नको.

तुझी
आत्या

२१ एप्रिल
घरून

चि. खुडबुडी,

तुझं पाच पानी उत्तर मिळालं. पहिल्या पानावर "एकाच वेळी शून्य आणि एक". दुसऱ्यावर शक्यता. तिसऱ्यावर एक चित्र, ते मला झुंबर वाटलं. चौथ्या-पाचव्यावर पुन्हा शक्यता. मी दोनदा वाचलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. बाळ, मी "हो की नाही" विचारलं आणि तू "एकाच वेळी दोन्ही" असं उत्तर दिलंस. तुमच्या खात्यात हे चालत असेल, घरमालकासमोर चालत नाही.

हो, घरमालक. ते मागच्या पत्रात लिहायचं टाळलं होतं. दुकानाचा भाडेकरार जूनमध्ये संपतोय. कागद तयार होताहेत, फक्त दादाची सही हवी. आणि दादा म्हणतो, "सही कशाला? पुढच्या वर्षी काय विकणार?" त्याने सही केली नाही तर चौकवाला टपलेलाच आहे. गुरुवारी तो "सहज" म्हणून आला आणि उभ्या उभ्या डोळ्यांनीच आपल्या भिंतींची मापं घेऊन गेला. जाताना मला म्हणाला, "ताई, तुमचं टेबल राहू द्या हं, मला चालेल." मी म्हटलं, "मला नाही चालणार."

दुसरं शाळेचं. मुख्याध्यापिका बाईंना मुलांसाठी खोलीभर कॉम्प्युटर हवेत, सुट्टी संपायच्या आत. मागचे दादानेच दिले होते. ते इतके टिकले की बाईंना दुसरीकडे जायची इच्छाच नाही. या एका कामावर आमचं वर्ष निघेल. दादा त्यांनाही म्हणाला, "थांबा." परवा त्या तिसऱ्यांदा येऊन माझ्या टेबलाला टेकून उभ्या राहिल्या.

"अहो, तुमच्या भावाला दुकान चालवायचंय की बंद करायचंय?"

"तुम्ही एवढ्या मुलांना शिकवता, त्याला शिकवून बघा."

"मुलं निदान घंटा झाली की वर्गाबाहेर पळतात. यांची घंटाच होत नाही. तासभर मला तुमच्या भाचीबद्दल सांगत होते. ती किती थंड खोलीत काम करते, काय काय करते. कौतुक आहे हो मला, पण मुलांना टायपिंग आणि थोडं प्रोग्रामिंग शिकवायला मी काय बर्फात बसवू?" मग आवाज उतरवून म्हणाल्या, "मे संपेपर्यंत थांबते. पुढे मला नाही थांबता येणार."

म्हणून आता मी प्रश्न फोडून विचारते. शिंपी काकांना कपड्यांचे नमुने काढून साठवायचेत, त्यांचं काम तुमच्या मशीनने लवकर होईल का? मी दिवसभर अर्ज टाइप करते, माझं काम होईल का? डॉक्टरांना दातांचे फोटो बघायचेत. शाळेतल्या मुलांना शिकायचंय. एकेकापुढे हो किंवा नाही लिही. शक्यता लिहिलीस तर याद राख.

दादाला मी या पत्रांबद्दल बोललेले नाही. तो दुपारी कानाला हेडफोन लावून बसतो आणि मान डोलावतो. तू गेल्यापासून या वयात त्याला गाण्यांचा नाद लागलाय. लागू दे, तेवढा वेळ तरी गिऱ्हाइकांना पिडत नाही.

आत्या

८ मे
दुकानातून, दादा जेवायला गेलाय

चि. खुडबुडी,

चार प्रश्न, चार वेळा "नाही". इतकं सरळ उत्तर तू आयुष्यात एकदाच दिलं होतंस, गृहपाठ झाला का विचारल्यावर.

त्याखाली लिहिलेलं मी सावकाश वाचलं आणि या वेळी समजलं. समजलं ते सांगते, चुकलं तर कान धर. तुमचं मशीन सगळीच कामं जलद करतं असं नाही. मोजकी, विचित्र कामं आहेत, म्हणजे औषधाचा बारीकसा कण आतून कसा वागतो, बॅटरीसाठी नवा पदार्थ कसा असावा, तिथे त्याचा उपयोग होईल अशी तुम्हाला आशा आहे. तेही आज नाही, त्याच्या चुका आटोक्यात आल्या तर. बँकांची आजची सांकेतिक कुलपं ते एखाद दिवशी उघडू शकेल, म्हणून ती आत्तापासूनच बदलताहेत, पण बदलताहेत साध्याच कॉम्प्युटरांवर. शिंपी काकांच्या टेबलावर ते बसणार नाही. त्याला लागते एवढी थंडी आणि एवढा पसारा दुकानात मांडला तर काकांनाच रस्त्यावर बसावं लागेल. कोणाला गरज पडलीच तर आपल्या साध्या कॉम्प्युटरवरून लांबच्या लांब त्याला काम पाठवायचं आणि उत्तर मागवायचं. म्हणजे ते आलं तरी साधं मशीन लागणारच. बरोबर? एवढं पहिल्याच पत्रात लिहिलं असतंस तर माझे डोळे वाचले असते.

शेवटच्या पानावर मात्र मला हसू आलं नाही. तू लिहितेस, त्या झुंबराजवळ, म्हणजे खऱ्या मशीनजवळ, तू क्वचितच जातेस. तुझं काम शेजारच्या खोलीत, त्याला सांभाळणाऱ्या साध्या कॉम्प्युटरांच्या रांगांमध्ये. तारा तपासायच्या, पंख्यांतली धूळ काढायची, जळलेला भाग बदलायचा. "आत्या, मी बाबांचंच काम करते, फक्त इथे बुटांवर पिशव्या चढवाव्या लागतात." आणि त्याखाली, "बाबांना सांगू नकोस. त्यांना वाटू दे."

काय वाटू दे? तो तुझ्या मोठेपणापायी हातातला धंदा सोडायला निघालाय आणि तू म्हणतेस वाटू दे! मी दिवसभर तुझ्यावर धुसफुसत होते. एकाच्या रजेच्या अर्जात आजाराच्या जागी त्याच्या साहेबाचं नाव टाइप केलं, इतकी.

मग संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालताना राग गेला आणि फार वाईट वाटलं. एवढं मोठं बोलून घराबाहेर पडलीस, आणि तिथे जाऊन बघतेस तर पुन्हा पंखे आणि धूळ. ते कोणाजवळ बोलायची सोय नाही, कारण बोललेलं अंगावर उलटणार. सगळं एकटीने गिळलंस. अगं, त्या कामात लाजण्यासारखं काय आहे? याच कामावर तू लहानाची मोठी झालीस. लाज वाटायची तर त्या एका वाक्याची वाटू दे, कामाची नको.

आणि तू विचारतेस, हे सगळं कधीच उपयोगाला आलं नाही तर? मला त्यातलं काय कळणार. पण इतकी माणसं मन लावून एक अवघड काम करताहेत आणि तुझ्यामुळे त्यांचा दिवस अडत नाही, हे मला पुष्कळ झालं. शिंपी काकांच्या उपयोगाचं नाही म्हणून एखादी गोष्ट फुकट ठरत नाही. आणि महत्त्वाची आहे म्हणून ती काकांच्या टेबलावर यायलाच हवी असंही नाही. तुम्ही बापलेक मधलं काही मानतच नाही. एक तर जग बदलणार, नाही तर भंगार.

दादाला मी सांगणार नाही, तू नको म्हणालीस म्हणून. खरं तर सांगून उपयोगही नाही. दुकान वाचवायला बहीण थापा मारते म्हणेल आणि स्क्रू तोंडात धरेल. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं करून तू गेलीस. शब्द तुझा होता, परत घ्यायचा तर तुलाच घ्यावा लागेल. त्याला लिही. मे संपायच्या आत लिही.

तो आला. थांबते.

आत्या

२२ मे
दुकानातून

चि. खुडबुडी,

तुझं काही नाही. पोस्टमन येतो आणि विजेचं बिल देऊन जातो.

घरमालक कराराचे कागद ठेवून गेला. दादाने ते कीबोर्डखाली सरकवले. मुख्याध्यापिका बाईंनी चौकवाल्याकडून भाव मागवलेत. मला सांगून मागवले, चोरून नाही, म्हणून मला रागसुद्धा धरता येईना. आणि पुठ्ठ्यावरची शाई उन्हाने उडाली होती, ती दादाने काल पुन्हा गिरवली. मी म्हटलं, "वा, दुकान जाणार पण पाटी राहणार." त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

शिंपी काका मात्र खरोखर थांबलेत. त्यांचं जुनं मशीन गेल्या महिन्यात बंद पडलं. ते नमुने कागदावर काढतात, खोडतात, पुन्हा काढतात. मी म्हटलं, "काका, नवीन घेऊन टाका ना." तर म्हणाले, "नको, तुमची भाची आणतेय ते येऊ दे. दादा सांगतो म्हणजे खरं असणार." मला त्यांच्याकडे बघवेना. डॉक्टर शहाणे, ऐकून घेतात आणि चौकात जातात. हा भला माणूस विश्वास ठेवून बसलाय.

आता मी भांडत नाही, सरळ मागते. मला हे दुकान हवंय. हे मी कधी कोणाला बोलले नाही. लोकांना वाटतं, मी भावाला मदत म्हणून बसते. मदत कसली, त्या टेबलामुळे माझे दिवस चांगले जातात. कोणाचा नोकरीचा अर्ज, कोणाची नळाच्या पाण्याची तक्रार, कोणाचं पहिल्यांदा भाड्याने घेतलेलं घर, सगळ्यांची सुखदुःखं आधी माझ्या बोटांखालून जातात. नोकरी लागली की लोक पेढ्याआधी मला सांगायला येतात. ते गेलं तर मी घरात बसून काय करू? दादाचं तोंड बघू? त्याच्या तोंडात तर स्क्रू.

तुला कमीपणा येईल, मला माहीत आहे. येऊ दे थोडा. बापापुढे आलेला कमीपणा फार दिवस टिकत नाही. मूग गिळून बसू नकोस, बाळ. दोन ओळी लिही, पण त्याला लिही.

आत्या

३१ मे
घरून

चि. खुडबुडी,

तुझं दादाच्या नावाचं पाकीट परवा दुकानात आलं. पोस्टमनने ते नेऊन थेट त्याच्या दिव्याखाली ठेवलं. दादाने अक्षर बघितलं. हातातलं काम बाजूला केलं, फडक्याला हात पुसले, मग पुन्हा पुसले आणि बारक्या स्क्रूड्रायव्हरने पाकीट उघडलं. मी पुढे टाइप करत होते, म्हणजे एकच ओळ पुन्हा पुन्हा टाइप करत होते.

शेवटी न राहवून उठले.

"कोणाचं आहे?" मी विचारलं, जसं काही मला माहीतच नाही.

"वाच," म्हणाला.

छान लिहिलंस. "बाबा, आमचं मशीन कोणाच्या घरी येणार नाही. तुम्ही विकता ते भंगार नाही. आमचं मशीन तसल्याच मशीनांच्या आधाराने चालतं आणि मी तीच सांभाळते. रागात बोलले ते खरं नव्हतं. कृपा करून दुकान बंद करू नका." पण मी आवाज कोरडा ठेवला.

"बघ! आता तिनेच लिहिलंय. आता तरी तो पुठ्ठा काढ."

"मला ठाऊक होतं," दादा म्हणाला.

"काय ठाऊक होतं?"

"हेच. ते घरात यायचं मशीन नव्हेच. डोळ्याच्या ऑपरेशनचं हत्यार घेऊन कोणी भाजी चिरतं का? ती गेल्यापासून ऐकतोय मी त्याची व्याख्यानं." आणि त्याने हेडफोनकडे बोट दाखवलं.

गाणी नव्हती ती! पालथ्या घड्यावर पाणी म्हणून मी ज्याला दोन महिने हिणवलं, तो घडा भरलेला होता.

"मग डॉक्टरांना का पाठवलंस परत? बाईंना? ते शिंपी काका बिचारे कागदावर रेघा ओढताहेत! ठाऊक असून माणसांना थांबवून ठेवलंस?"

त्याचा हात स्क्रूंच्या डबीकडे गेला. मी मनगट धरलं. "आज नाही. आज बोलायचं."

त्याने हात मागे घेतला. मग म्हणाला, "मशीन विकलं की गिऱ्हाईक दहा मिनिटांत जातं. थांबा म्हटलं की विचारतं, का? मग सांगता येतं, माझी मुलगी तिथे आहे. मग विचारतात, ती काय करते. ती कशी आहे. मग मी सांगत बसतो. तुझ्याजवळ तिचं नाव काढलं तर तू लगेच म्हणायचीस, फोन कर. तेवढंच मला जमत नव्हतं. बाकी कोणी फोन कर म्हणत नाही गं, नुसतं ऐकून घेतात."

खुडबुडी, मी त्याची बहीण. इतकी वर्षं एका छपराखाली राहते, आणि मला वाटत होतं त्याला मशीनबद्दल बोलायचंय.

"आणि करार?" मी विचारलं. "तो का अडवून ठेवलास?"

"दुकान तिच्यासाठी धरून ठेवलं होतं. ती काही आता यायची नाही, आणि येऊही नये, चांगलं काम करतेय. मग सही कोणासाठी करू?"

"माझ्यासाठी कर," मी म्हटलं.

त्याने वर बघितलं.

"पुढच्या टेबलावर इतकी वर्षं कोण बसलंय, दादा? ती गेली म्हणून तू दुकान सोडतोस. मी कुठे गेले होते? मी इथेच होते ना?" दुकानात झेरॉक्सला एक बाई उभ्या होत्या, त्या हळूच म्हणाल्या, मी नंतर येते.

दादाने कीबोर्ड उचलला, कागद काढले. त्याचं पेन चालेना, म्हणून मी माझं दिलं. सही करून कागद माझ्याकडे सरकवत म्हणाला, "नीट ठेव. तुझं दुकान आहे." चेष्टेत म्हणाला, पण त्याला माझ्याकडे बघता येत नव्हतं.

पुठ्ठा काढलाय. मुख्याध्यापिका बाईंना मी फोन केला. अर्धे कॉम्प्युटर त्यांनी चौकवाल्याला सांगून टाकले होते, उरलेले अर्धे आपल्याकडे. चालेल, अर्धं वर्ष निघालं. शिंपी काकांकडे मात्र दादा स्वतः गेला, मशीन खांद्यावर घेऊन. तिथे काय बोलला मला माहीत नाही. काकांनी त्याला बराच वेळ सोडलं नाही, आणि येताना त्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण लावून पाठवलं.

आता तुझ्या पत्रातली जी एक गोष्ट त्याला खरंच ठाऊक नव्हती, ती सांगते. तू साधी मशीनं सांभाळतेस, ही. ती ओळ तो पुन्हा पुन्हा वाचत होता. मला धास्ती वाटली, म्हटलं आता याचं मन मोडलं. तर म्हणतो, "म्हणजे ती माझंच काम करते?" आणि असा हसला, की तो तसा हसू शकतो हे मी विसरले होते. तेव्हापासून मला सोडत नाही. पंखे कसले आहेत, तारा कशा नेतात, धूळ कशाने काढतात. मी काय सांगू? मी म्हटलं, जिचं काम तिला विचार, मी पत्राखाली जागा ठेवते. फार जागा लागायची नाही म्हणाला.

तुझी
आत्या

पत्र मिळालं. खरं नव्हतं वगैरे लिहायची गरज नव्हती, मीही बोललो होतो. तारा इतक्या थंड जागेत उतरतात, तिथे सोल्डरचा सांधा तडकत नाही का? की स्क्रूने दाबून बसवता? पंखे बंद न करता धूळ कशी काढता? इथे कोणाला विचारून कळण्यासारखं नाही. रविवारी दुकान बंद असतं. मी दुपारी झोपत नाही.

बाबा